सेल्फचा 'टक्' आवाज येतो, पण ट्रॅक्टर सुरू होत नाही : दोष कसा ओळखावा?

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या गावांत ट्रॅक्टरला वर्षातून दोन वेळा उसंत नसते. जूनमध्ये वाफसा आला की पेरणीची घाई होते, आणि दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की ऊस वाहतुकीची. तोडलेला ऊस फडात जितका अधिक काळ पडून राहील, तितके त्याचे वजन व साखरेचा उतारा घटतो. अशा वेळी किल्ली फिरवावी आणि नुसता 'टक्' असा आवाज होऊन ट्रॅक्टर जागीच राहावा, ही मोठीच अडचण होय. पुष्कळदा शेतकरी घाईने नवी बॅटरी किंवा नवा सेल्फ विकत आणतो. वस्तुतः दोष कित्येकदा केवळ सैल किंवा मळलेल्या टर्मिनलमध्ये असतो. म्हणून खर्च करण्यापूर्वी दोष कोठे आहे हे क्रमाने पाहणे हिताचे ठरते.

आवाज कशाचा?

किल्ली फिरविली म्हणजे बॅटरीतील वीज प्रथम सेल्फवरील सोलेनॉइडकडे जाते. सोलेनॉइड म्हणजे वीज मिळताच चुंबक बनणारे तारेचे वेटोळे. ते आतील दांडा ओढून घेते व त्यायोगे दोन कामे होतात. सेल्फचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत बसते आणि तांब्याचे जाड संपर्क जुळून मोटरीला वीज मिळते. 'टक्' हा आवाज त्या दांड्याचा होय. म्हणजेच आवाज आला, तर किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक तार बहुधा ठीक आहे असे समजावे.

सोलेनॉइडला थोडी वीज पुरते. मोटरीला मात्र डिझेल इंजिन फिरविण्यासाठी दोनशे-तीनशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. या वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा असला, तरी ३०० अँपिअरच्या प्रवाहात १२ पैकी ३ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. टर्मिनलवर साचलेला पांढरट-हिरवा थर एवढा अडथळा सहज करू शकतो. पाट गाळाने भरला असता भाजीच्या वाफ्याला पाणी पुरते, पण उसाच्या फडाला पुरत नाही; त्यातलाच हा प्रकार. दिवे लागतात म्हणून बॅटरी चांगली आहे, हा समज यासाठीच चुकीचा ठरतो.

दिव्याची कसोटी

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा व औजार जमिनीवर टेकवावे. पुढील दिवे लावून एकाने आसनावर बसून किल्ली फिरवावी व दुसऱ्याने बाजूस, चाकांपासून दूर उभे राहून दिवे पाहावेत.

(१) 'टक्-टक्-टक्' असा आवाज होत राहतो व दिवे मंदावतात : बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल मळले आहे. मोटरीने वीज ओढताच दाब घसरतो, सोलेनॉइड सुटतो, दाब सावरतो व तो पुन्हा ओढला जातो. म्हणून आवाज पुनःपुन्हा येतो.

(२) एकदाच 'टक्' होऊन दिवे जवळजवळ विझतात : टर्मिनल सैल आहे, बॅटरी फारच दुबळी आहे, अथवा सेल्फ किंवा इंजिन अडकले आहे.

(३) एकदाच 'टक्' होतो व दिवे तसेच प्रखर राहतात : मोटरीतून वीज वाहत नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळाले असतील, कार्बन ब्रश झिजले असतील, किंवा इंजिनाकडील अर्थिंगची तार सैल झाली असेल.

उपायांचा क्रम

प्रथम टर्मिनल साफ करावेत. सोडताना ऋण टर्मिनल आधी सोडावे व जोडताना ते शेवटी जोडावे. बॅटरीची झाकणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने थर धुवावा, टर्मिनल कोरडे करून घासावेत, पक्के आवळावेत व वरून पेट्रोलियम जेली लावावी. अर्थिंगच्या तारेचे दुसरे टोकही तपासावे. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून जवळ विडी किंवा काडी पेटवू नये.

त्यानंतर बॅटरी तपासावी. काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवीत असल्यास ती भरलेली, १२.२ दाखवीत असल्यास निम्मी उतरलेली समजावी. सेल्फ मारताना दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी उतरलेली किंवा निकामी आहे. ती चार्ज करून पुन्हा पाहावे. पाणी कमी झाले असल्यास केवळ डिस्टिल्ड पाणीच घालावे, विहिरीचे नव्हे. सीलबंद बॅटरीत ते घालावयाचे नसते. चार्ज केलेली बॅटरी वारंवार उतरत असेल, तर अल्टरनेटर व त्याचा पट्टा पाहावा.

दुसऱ्या वाहनाची बॅटरी जोडावयाची झाल्यास ती १२ व्होल्टचीच असावी. अनेक मालट्रकांची वीजव्यवस्था २४ व्होल्टची असते. ती जोडल्यास ट्रॅक्टरच्या वीजसामग्रीची हानी होते.

दोन धोके

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये कृष्णा-वारणेच्या पुराचे पाणी नदीकाठच्या अनेक गावांत शिरले होते. पुरात बुडालेल्या ट्रॅक्टरचा सेल्फ मुळीच मारू नये. सिलिंडरमधील पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा इंजिनातील पाणी फिटरकडून आधी काढून घ्यावे व तेल बदलावे.

दुसरा धोका जिवाचा आहे. खाली उभे राहून पेचकसाने किंवा पक्कडीने सेल्फची टोके जोडण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असल्यास तो तत्क्षणी पुढे सरकतो व मागील चाक माणसाच्या अंगावरून जाते. या जोडणीत क्लच व न्यूट्रलचे सुरक्षा स्विच निरुपयोगी ठरतात. ट्रॅक्टर नेहमी आसनावर बसूनच सुरू करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी व गळीत हंगामापूर्वी गावात दिव्याची कसोटी व टर्मिनलची सफाई प्रत्यक्ष करून दाखवावी. एवढ्याने नाहक खर्च वाचेल, ऊस वेळेवर कारखान्यात पोचेल, आणि पेचकसाची घातक रीतही मागे पडेल.