विश्लेषण : तंजावरच्या हजार वर्षे जुन्या मंदिरावर मराठी कशी कोरली गेली?

तमिळनाडूतील तंजावर म्हटले की चोळांचे भव्य शिवमंदिर आठवते. याच मंदिराच्या आवारातील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास चक्क मराठीत कोरलेला आहे. जवळच्या राजवाड्यात मोडी कागदपत्रांचे हजाराहून अधिक गठ्ठे आहेत. महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठी कशी पोहोचली, तिथे काय पाहता येते आणि या ठेव्याचे पुढे काय, याचा आढावा.

तंजावर मुळात कोणाची राजधानी?

कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील हे शहर चोळांची राजधानी होते. राजराजा चोळ पहिला याने उभारलेले बृहदीश्वर मंदिर 1010 मध्ये पूर्ण झाले. ग्रॅनाइटमध्ये बांधलेल्या या मंदिराचे शिखर 60 मीटरहून उंच आहे. तमिळ लोक याला ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठे देऊळ म्हणतात. 1987 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. चोळांनंतर पांड्य, मग विजयनगरचे साम्राज्य आणि 16 व्या शतकापासून नायक राजे अशी येथे सत्ता बदलत गेली. आजचा राजवाडा मूळचा नायकांचाच. मराठ्यांनी त्यात भर घातली.

मराठे तिथे कसे पोहोचले?

1673 मध्ये मदुराईच्या नायकाने तंजावरच्या नायकाचा पराभव करून राज्य घेतले. तंजावरच्या वारसाला गादी परत मिळवून देण्यासाठी विजापूरच्या आदिलशहाने एकोजी (व्यंकोजी) भोसले यांना पाठवले. एकोजी हे शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे पुत्र, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. त्यांनी मदुराईच्या फौजेला हुसकावले आणि 1676 च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. पुढच्याच वर्षी, दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवरून दोघा भावांत बोलणी झाली. ती फिसकटली, लढाईही झाली. अखेर तडजोड होऊन तंजावर एकोजींकडे राहिले. त्यांच्या वंशाने 1855 पर्यंत तेथे राज्य केले.

या राजांनी मराठीसाठी काय केले?

मराठी रंगभूमीची सुरुवात आपण 1843 मध्ये सांगलीत झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’पासून मोजतो. पण एकोजींचे पुत्र शहाजी यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे आहे. या राजांनी मराठीबरोबर तेलुगू, तमिळ आणि संस्कृतलाही आश्रय दिला. मराठी कीर्तनाच्या प्रभावातून तमिळ मुलखातील हरिकथा घडली. तिच्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद आजही ऐकू येतात.

सरफोजी दुसरे यांचे नाव इतके मोठे का?

सरफोजी (1798 ते 1832) गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यांच्या हाती किल्ला, त्याचा परिसर आणि वार्षिक तनखा उरला. तो पैसा त्यांनी विद्येकडे वळवला. ख्रिश्चन श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाला अनेक भाषा येत होत्या. त्यांनी नायकांच्या काळापासूनचे ‘सरस्वती महाल’ ग्रंथालय वाढवले, काशीयात्रेतही हस्तलिखिते जमवली. 19 व्या शतकाच्या पहिल्याच दशकात राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू करून इसापनीतीचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ छापले. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नृत्यनाट्यात त्यांनी जगाचा भूगोल मांडला. डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदीही त्यांनी करून घेतल्या. त्यांच्या दरबारातील चार भावांनी भरतनाट्यमच्या सादरीकरणाचा आजचा क्रम बसवला.

मोठ्या देवळातील मराठी शिलालेख त्यांच्याच आज्ञेने 1803 मध्ये कोरला गेला. भारतातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

राज्य कसे संपले?

सरफोजींचे पुत्र शिवाजी यांचे 1855 मध्ये निधन झाले. त्यांना मुलगा नव्हता. कंपनीने राज्य खालसा केलेच, शिवाय राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई यांनी त्याविरुद्ध मद्रासच्या न्यायालयात दाद मागितली आणि दावा जिंकला. परंतु 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. सरस्वती महाल ग्रंथालय 1918 मध्ये सार्वजनिक झाले.

आज काय पाहाल?

- बृहदीश्वर मंदिर : अखंड दगडातील नंदी आणि आवाराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, ही मात्र केवळ दंतकथा आहे.
- राजवाडा : दरबार हॉल, चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन आणि सरस्वती महालचे संग्रहालय.
- खरेदी : सोन्याचा वर्ख लावलेली तंजावर चित्रे, मान डोलावणाऱ्या बाहुल्या आणि तंजावर वीणा. तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.
- जवळपास : सुमारे 13 किलोमीटरवरील तिरुवैयारू. येथे त्यागराजांची समाधी असून बहुधा जानेवारीत आराधना महोत्सव होतो.

सर्वांत जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, साधारण तासाभराच्या अंतरावर. ऑक्टोबर ते डिसेंबर येथे ईशान्य मोसमी पाऊस असतो. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी सोयीचे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण वाचणाऱ्यांची आहे. राज्याचा कारभार मोडीत चाले. कलावंतांचे पगार, देवस्थानांचा खर्च, ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रमसारख्या अन्नछत्रांचे हिशेब, तंटे, औषधांच्या नोंदी, असे बरेच काही या गठ्ठ्यांत आहे. तमिळ विद्यापीठाने काही कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली आहेत. परंतु मोडी शाळा-कचेऱ्यांतून केव्हाच हद्दपार झाली. त्यात तंजावरच्या कागदांत तमिळ, तेलुगू आणि फारसी शब्दांची सरमिसळ आहे. केवळ मोडी शिकलेल्याला हे कागद पुरते लागत नाहीत आणि तमिळ अभ्यासकांपैकी फार थोड्यांना मोडी येते.

कागद स्कॅन केले की तो टिकतो. तो वाचला जाण्यासाठी मात्र दोन्हीकडची भाषा जाणणारा माणूस लागतो. असे वाचक तयार करायचे, तर महाराष्ट्रातील मोडी वर्गांना तंजावरची आणि तंजावरच्या अभ्यासकांना महाराष्ट्राची गरज आहे. तमिळनाडूतील मराठी कुटुंबे आजही घरात आपली जुनी मराठी बोलतात. काही शब्दांचे अर्थ कोशात सापडले नाहीत, तरी या घरांत सापडू शकतात.