जुन्या जीपचा टायर : ‘ओरिजिनल’ म्हणजे काय?

सावली, मूल, गडचिरोली भागात ज्यांच्या दारी जुनी जीप उभी आहे, त्यांना टायर घेताना एक शब्द हमखास ऐकू येतो : ‘ओरिजिनल’. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत अमेरिकन विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तिच्या 6.00-16 मापाचे टायर आजही नवे मिळतात. तरी एखादा दुकानदार माळ्यावरचा, न वापरलेला जुना टायर ‘असली माल’ म्हणून काढतो. नक्षी शाबूत, रंग काळाभोर. घ्यावा का?

आमच्या मते घेऊ नये. रबर न धावताही म्हातारे होते. हवा-उन्हाने कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडतात. चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. तापल्या डांबरावर, गाडीत घरची माणसे असताना टायर फुटला तर? अमेरिकेतही जुन्या कॉर्व्हेटचे शौकीन मूळ टायर प्रदर्शनापुरते ठेवतात आणि चालवायला जुन्याच नक्षीचे, पण नव्याने बनवलेले टायर लावतात.

पारख सोपी आहे. बाजूवरच्या तारखेचे चार आकडे पाहा : 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. तीनच आकडे असतील तर माल 2000 पूर्वीचा. हात लावू नका. मालातला ऐब लपवून विकणे आपल्या दीनात नाजायज आहे, तेव्हा दुकानदार बांधवांनी भावाआधी तारीख दाखवावी.

राहिला रिमोल्ड. स्वस्त पडतो, पण जुना सांगाडा मजबूत असेल तरच घ्या, आणि पुढच्या चाकाला नकोच.