पूररेषेबाहेरचं घर आणि ढासळता काठ

धार-देवासमध्ये दरडींचा विषय निघाला की माळवा सपाट आहे, दरडी कोकणात कोसळतात, असा सर्वसाधारण समज आढळतो. माळवा पठार खरंच; पण ते दक्षिणेला विंध्याच्या कड्यावर संपतं. मांडूच्या रूपमती मंडपातून खाली नर्मदेचं खोरं दिसतं, ते याच कड्यावरून. देवास जिल्ह्यातही बागलीकडून नेमावरकडे उतरताना हाच उतार लागतो. वरच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पावसाचं पाणी त्यातून खोल शिरतं, माती फुगते आणि तिची पकड सुटते.

दुसरा गैरसमज जास्त घातक. पूररेषेबाहेर घर असलं की निर्धास्त राहायचं! महाराष्ट्रात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही रेषा पाणी कुठवर चढेल ते सांगतात. काठ कुठवर ढासळेल, हे सांगत नाहीत. केंद्राने १९७५ मध्ये राज्यांना पाठवलेल्या पूरमैदान विधेयकाच्या नमुन्याचा भरही पुराच्या पाण्यावरच होता, आणि तोही मोजक्याच राज्यांनी स्वीकारला.

काठ पूर चढताना पडतो, हेही अर्धसत्य. चढलेलं पाणी काठाला बाहेरून टेकू देत असतं. पूर झपाट्याने ओसरला की टेकू जातो, पण मातीत मुरलेलं पाणी आतच राहतं. जड झालेला काठ मग सुटतो. धार जिल्ह्यातील चिखल्दा, निसरपूरपर्यंत सरदार सरोवराचा फुगवटा येतो. २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरला. अशी पातळी चढते-उतरते तिथे पाणी ओसरल्यावरही काठ तपासायला हवेत.

वाहतं पाणी माती किती वेगाने कापतं, ते ऑगस्ट २०२२ मध्ये धारमधील कोठिदा इथे दिसलं. कारम नदीवरच्या मातीच्या धरणाला गळती लागली, १८ गावं रिकामी केली गेली. पाणी काढायला यंत्रांनी बाजूने चर खोदला. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी पाण्याने तोच चर फाडून रुंद केला आणि बांधाचा भागही वाहून नेला.

काठ कुठे ढासळेल याचा नकाशा केवळ उपग्रहचित्रांवरून होत नाही. जुन्या नकाशांशी तुलना करून नदी किती सरकली ते कळतं. पण गवताखालची भेग, काठातून पाझरणारं पाणी, नदीकडे झुकलेली झाडं पाहायला पायीच फिरावं लागतं. मग हिशेब मांडता येतो. समजा, मातीचा काठ १२ मीटर उंच आहे आणि १ उभ्याला २ आडवा हा उतार टिकाऊ ठरला, तर पायथ्यापासून २४ मीटर सोडावे लागतात. नदी वर्षाला अर्धा मीटर काठ खात असेल, तर ३० वर्षांचे आणखी १५. म्हणजे ३९ मीटर. पूर काठावर चढतच नसेल, तर पूररेषेच्या नकाशात ही सगळी जागा बांधकामाला मोकळी दिसते.