क्लाउडचे मीटर रात्रीही चालते

आजकाल जळगाव-धुळ्याच्या पेठेत एक नवा शब्द सारखा कानी पडतो, तो म्हणजे क्लाउड. कापडवाला असो, केळीवाला असो की डाळमिलवाला, हिसाब कुठे ठेवता असे विचारले की उत्तर मिळते, "क्लाउडवर आहे." पण त्याचे महिन्याला किती पैसे जातात आणि कशाचे जातात असे विचारले, तर बहुतेक जण मुलाकडे नाहीतर पुतण्याकडे बोट दाखवतात. काही काळापूर्वीपर्यंत आम्हीही त्यातलेच होतो.

आमचे घाऊक कापडाचे दुकान जळगावला आहे आणि गोदाम व थोडे लूम धुळ्याला. २०१७ साली जीएसटी आला, २०१८ साली ई-वे बिल आले. तेव्हापासून दोन्हीकडचा हिसाब एका जागी असणे गरजेचे झाले. जळगावच्या दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर सगळे खाते होते. धुळ्याचे दिवाणजी संध्याकाळी फोनवर आकडे सांगत आणि इकडे कोणीतरी ते टिपून घेई. मग एका उन्हाळ्यात, आपल्या खानदेशचा उन्हाळा काय असतो हे सांगायला नको, त्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. दोन महिन्यांची बिले पुन्हा लिहून काढावी लागली. तेव्हा एका कॉम्प्युटरवाल्याच्या सल्ल्याने आम्ही सगळा हिसाब क्लाउडवर नेला.

क्लाउड म्हणजे आकाशातली काही चीज नव्हे. मोठ्या कंपन्यांनी हजारो कॉम्प्युटर भरलेली गोदामे बांधली आहेत आणि त्यांतली थोडी जागा, थोडे मशीन त्या आपल्याला भाड्याने देतात. मायक्रोसॉफ्टचे असे केंद्र २०१५ साली पुण्यात सुरू झाले आणि ॲमेझॉनचे २०१६ साली मुंबईत. फरक इतकाच की हे भाडे महिन्याचे ठरलेले नसते. ते मीटरवर चालते. मशीन किती तास चालू राहिले, किती माल साठवला, किती माल बाहेर नेला, या प्रत्येक गोष्टीचा आकार वेगळा लागतो. ज्याने लूमचे वीज बिल नीट वाचले आहे, स्थिर आकार वेगळा आणि युनिटचा आकार वेगळा हे ज्याला ठाऊक आहे, त्याला क्लाउडचे बिल कळायला अडचण पडू नये. अडचण अशी की ते बिल आम्ही पाहिलेच नव्हते.

पहिले काही महिने कंपनीने नव्या गिऱ्हाइकाला दिलेल्या सवलतीच्या रकमेतून बिल भागत गेले. आम्हाला वाटले, मोठी स्वस्त सोय झाली. सवलत संपली आणि एका महिन्यात कार्डावरून साडेएकतीस हजार रुपये कापले गेले. आमच्या दिवाणजींच्या पगारापेक्षा ही रक्कम जास्त होती. थोरले बंधू म्हणाले, "बंद करा हे, आपली वही बरी." पुतण्या म्हणाला, "चाचा, वही बरी म्हणून ई-वे बिल वहीतून निघणार आहे का?" दोघेही खरेच बोलत होते. शेवटी बिलाचा कागद छापून घेतला आणि तिघे मिळून एकेक ओळ वाचायला बसलो.

हिसाब असा निघाला. कामाचे मशीन साडेपंधरा हजार. दुसरे एक मशीन सात हजार. साठवणूक अडीच हजार. बाहेर गेलेला माल पावणेदोन हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी.

सर्वात आधी त्या दुसऱ्या मशीनची गोष्ट. सुरुवातीला चाचणीसाठी म्हणून ते घेतले होते. चाचणी चार दिवसांत आटोपली, पण मशीन कोणी बंद केले नाही. रिकामा लूम दिवसरात्र खडखडत राहावा तसे ते महिनोन्महिने चालू होते. आवाज येत नाही म्हणून कोणाला कळले नाही, एवढेच. ते त्याच दिवशी काढून टाकले.

मग कामाचे मशीन. कॉम्प्युटरवाल्याने दिले होते चार कोअरचे आणि सोळा जीबी मेमरीचे. आमच्याकडे एका वेळी काम करणारी माणसे पाच. पुतण्याने दोन आठवडे नोंद ठेवली, तर मशीनची निम्मी ताकदही कधी लागली नव्हती. निम्म्या मापाचे घेतले आणि काम अडले नाही. मशीन लहान केले की भाडेही जवळपास त्याच प्रमाणात उतरते.

यापेक्षा मोठी बाब तासांची. महिन्याचे सरासरी ७३० तास. आमचे दुकान रोज अकरा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे २८६ तास चालते. उरलेले ४४४ तास, म्हणजे शंभरातले साठ तास, दुकानाला कुलूप असताना क्लाउडचे मीटर फिरत होते. आता सकाळी मशीन आपोआप चालू होते आणि रात्री आपोआप बंद होते. ही वेळ लावून ठेवण्याची सोय सर्व मोठ्या कंपन्यांकडे आहे. रमजानमध्ये दुकान रात्री उशिरापर्यंत चालते, तेव्हा वेळ वाढवून घेतो आणि मशीनही मोठे करतो. ईद झाली की पुन्हा लहान. खरे म्हणजे क्लाउडचा फायदा हाच आहे, हंगामापुरते मोठे व्हावे आणि मग लहान व्हावे. जो बारा महिने ईदच्या मापाचे भाडे भरतो, त्याने क्लाउड घेऊन काय मिळवले?

इथे दोन गोष्टींचा इशारा देणे जरूर आहे. मशीन बंद केले तरी त्याच्या डिस्कचे भाडे चालूच राहते, जसे गोदामाला कुलूप लावले तरी जागेचे भाडे सुटत नाही. मशीनचा जो इंटरनेटवरचा पत्ता असतो, त्याचेही ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट घ्यायला सुरुवात केली. महिन्याचे तीनशे-सव्वातीनशे रुपये होतात. रक्कम लहान आहे, पण असे तीन-चार पत्ते विनाकारण धरून ठेवलेली दुकाने आम्ही पाहिली आहेत. दुसरे असे की मायक्रोसॉफ्टच्या सेवेत मशीन आतून बंद केले तर मीटर थांबत नाही. त्यांच्या पानावर जाऊन ते सोडून द्यावे लागते, तेव्हाच थांबते.

साठवणुकीचे अडीच हजार कशाचे? रोज रात्री बॅकअपची प्रत निघत होती आणि एकही प्रत कधी पुसली गेली नव्हती. आता शेवटच्या पंधरा दिवसांच्या प्रती ठेवतो आणि प्रत्येक महिन्याची एक. जुनी खाती मात्र पुसून चालत नाही. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रे ठेवावी लागतात. अशा मालासाठी पोटमाळ्यासारखी स्वस्त साठवणूक मिळते. तिथे भाडे अगदी थोडे, पण माल खाली उतरवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. ॲमेझॉनच्या सर्वात स्वस्त प्रकारात तर १८० दिवसांच्या आत माल काढला तरी पूर्ण १८० दिवसांचे भाडे लागते. म्हणून चालू वर्षाची खाती तिथे टाकू नयेत.

बाहेर जाणाऱ्या मालाचा नियम आपल्याला विचित्र वाटेल. माल आत नेताना हमाली नाही, बाहेर काढताना आहे. आम्ही साड्यांचे फोटो क्लाउडवर ठेवले होते आणि नंदुरबार, बऱ्हाणपूर, मालेगावचे दुकानदार ते पाहत असत. एकेक फोटो सहा एमबीचा. दर वेळी कोणी पाहिला की हमाली आमच्या नावावर. महिन्याला पहिले शंभर जीबी फुकट असतात, पण व्हिडिओ टाकायला लागल्यापासून ते आठवड्यातच संपत. फोटो बारीक केले आणि व्हिडिओ तिथून काढले, तेव्हा ही ओळ जवळपास शून्यावर आली. कंपनी कायमची सोडून सगळा माल दुसरीकडे न्यायचा असेल, तर २०२४ पासून ॲमेझॉन, गूगल व मायक्रोसॉफ्ट तिघांनीही ही हमाली माफ करण्याची सोय केली आहे. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो.

आता ज्या गोष्टीने आम्हाला सर्वात जास्त त्रास दिला तिच्याविषयी. क्लाउडचे खाते आमच्या नावावर नव्हतेच. कॉम्प्युटरवाल्याने आपल्या ई-मेलवर ते उघडले होते. कार्ड आमचे, पैसे आमचे, पण मालक कागदावर तो. इशाऱ्याचे संदेश त्याच्याकडे जात आणि तो ते उघडतही नसे. त्याहून वाईट म्हणजे बिलावर आमचा जीएसटी नंबर नव्हता. जो १८ टक्के कर भरला त्याचे क्रेडिट मिळायला हवे होते, ते गेले. महिन्याला पावणेपाच हजारांवर, असे चार महिने. खाते आमच्या नावावर करून घ्यायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत आमच्या धंद्याची सगळी खाती परक्याच्या किल्लीत होती. बंधूंनो, दुकानाची किल्ली आपण हमालाकडे देत नाही. खाते आपल्या ई-मेलवर, आपल्या फोन नंबरवर आणि आपल्या जीएसटी नंबरासह उघडा. परदेशी कंपनीने भारतीय कर न लावता बिल दिले, तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला रिव्हर्स चार्जने कर स्वतः भरावा लागतो, हेही आपल्या सीएला विचारून घ्या.

इशाऱ्याविषयी एक गैरसमज आहे. खात्यात बजेट लावता येते आणि रक्कम ओलांडली की संदेश येतो. पण तो संदेशच असतो. वेगळी व्यवस्था केली नसेल तर मशीन चालूच राहते, आणि संदेशही काही तासांनी येतो. आम्ही निम्म्यावर एक आणि ऐंशी टक्क्यांवर एक असे दोन संदेश लावले आहेत. ते आता तिघांच्या फोनवर येतात.

करार करून वर्षाचे किंवा तीन वर्षांचे मशीन घेतले तर सूट मिळते, असे दलाल लोक आग्रहाने सांगतात. सूत आगाऊ घेण्यासारखाच हा सौदा आहे. ज्याचे मशीन चोवीस तास चालते त्याला तो परवडतो. आमचे चालते शंभरात चाळीस तास. तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त सूट मिळाली तरच करारात नफा, आणि एक वर्षाच्या करारावर साधारणपणे एवढी सूट मिळत नाही. तसेच या दरांचे मूळ डॉलरमध्ये असते. डिसेंबर २०२४ मध्ये डॉलर पंच्याऐंशी रुपयांच्या वर गेला, म्हणजे आपण काही न करता बिल वाढते.

मोठ्या कंपन्यांची गत वेगळी नाही. फ्लेक्सेरा या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत कंपन्यांनी स्वतःच अंदाज दिला की क्लाउडवरचा २७ टक्के खर्च वाया जातो. १९४५ साली आपल्या अमळनेरला मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा धंदा सुरू केला, तीच आजची विप्रो. तिच्यासारख्या कंपन्या आज मोठमोठ्या उद्योगांचे क्लाउडचे काम सांभाळतात. आपल्याला असा कारभारी परवडणार नाही, महिन्यातून एक तास मात्र परवडतो. अमेरिकेच्या ड्रॉपबॉक्सने क्लाउड सोडून स्वतःची मशीने घेतली आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले. पण त्यांच्याकडे मशीन सांभाळणारी फौज आहे, आमच्याकडे एक पुतण्या. आणि ज्याचे एकच दुकान, एकच गल्ला आहे, त्याने क्लाउडचे मशीन घेऊच नये असे आमचे मत आहे. ठरलेल्या वर्गणीचे हिसाबाचे सॉफ्टवेअर आणि बॅकअपसाठी थोडी जागा त्याला पुरते.

आमचे बिल आता जीएसटी धरून साडेआठ हजारांच्या आत येते, रमजानमध्ये अकरा हजारांपर्यंत जाते. दर महिन्याला ते छापून थोरले बंधू लूमच्या वीज बिलाशेजारी फाइलला लावतात आणि लाल पेनने खुणा करतात. गेल्या महिन्यात त्यांनी एकशे चाळीस रुपयांच्या एका ओळीवर खूण केली. ती कशाची आहे, हे पुतण्याला अजून सांगता आलेले नाही.