बॅच नंबर कुठे लिहायचा?

तालुक्याच्या गावातले एक मेडिकल दुकान. सकाळी अकराची वेळ. काउंटरवर चार-पाच गिऱ्हाइके उभी असताना स्टॉकिस्टचा फोन येतो. लहान मुलांच्या खोकल्याच्या एका औषधाची अमुक बॅच तपासणीत निकृष्ट ठरली आहे. ती विकू नका, उरलेल्या बाटल्या परत पाठवा. फळीवरच्या बाटल्या बाजूला काढायला पाच मिनिटे पुरतात. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. गेल्या महिनाभरात या बॅचच्या बाटल्या कोणाकोणाच्या घरी गेल्या?

असे दुकान कोणत्याही गावात असू शकते. संगणकही बहुतेक ठिकाणी असतो. आपल्या या दुकानात रोजची विक्री एका मोठ्या स्प्रेडशीटमध्ये उतरवली जाते : तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, फोन, डॉक्टर, औषध, कंपनी, नग, किंमत. बॅच नंबरचा रकाना मात्र त्यात नाही. तो छापील बिलावर आहे आणि बिले तारखेने लावलेली आहेत. म्हणजे उत्तर दुकानातच आहे, पण ते शोधायला महिन्याची सगळी बिले एकेक करून उलटावी लागतील. एखाद्या घरी त्याच औषधाचा संध्याकाळचा डोस द्यायची वेळ तोपर्यंत होऊन जाईल.

यावर झटपट सुचणारा उपाय म्हणजे स्प्रेडशीटला आणखी एक रकाना जोडणे. त्याने काही काळ काम भागते, पण मूळ दोष तसाच राहतो. एकच औषध तीन कर्मचाऱ्यांनी तीन स्पेलिंगने लिहिले की संगणकाच्या लेखी ती तीन औषधे होतात. गिऱ्हाइकाचा फोन बदलला, तर तो मागच्या साठ ओळींत बदलावा लागतो; दहा ओळी राहून गेल्या तर खरा फोन कोणता, हे कळत नाही. नवे औषध आले, पण अजून विकले गेले नाही, तर ते लिहायला जागाच नसते. आणि एखाद्या औषधाची एकमेव विक्री रद्द करून ती ओळ पुसली, तर त्या औषधाची माहितीही पुसली जाते. या सगळ्याचे कारण एकच : वेगवेगळ्या वस्तूंची माहिती एकाच ओळीत कोंबली आहे.

या दुखण्यावर गणिताच्या अंगाने विचार केला तो एडगर कॉड या इंग्रज संशोधकाने. अमेरिकेत आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करताना त्याने १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या काळात संगणकातील माहिती शोधायची तर ती आत कोणत्या वाटेने साठवली आहे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. कॉडचे म्हणणे असे, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि विचारणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगावे. वाट संगणकाने शोधावी. अशा तक्त्याला गणितात ‘रिलेशन’ म्हणतात, म्हणून हा ‘रिलेशनल डेटाबेस’. पुढे आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असे प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तीच आजची एसक्यूएल. कॉडला १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

यातली एक कल्पना आपल्याकडच्या हिशेबनीसांना नवी वाटणार नाही. कीर्दीत रोजचा व्यवहार लिहिताना ‘खा. पा.’ या रकान्यात खतावणीच्या पानाचा क्रमांक टाकतात. त्या माणसाचे सगळे खाते कीर्दीत पुन्हा उतरवत नाहीत; कुठे पाहायचे, एवढीच खूण ठेवतात. डेटाबेसमध्येही प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा, पुन्हा न येणारा क्रमांक असतो. त्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. दुसऱ्या तक्त्यात तोच क्रमांक खूण म्हणून लिहिला की ती ‘फॉरेन की’. नाव किंवा फोन नंबर यासाठी चालत नाही. एका गावात एकाच नावाची चार माणसे असतात, आणि एका फोनवर सगळे घर.

रचना कागदावर करायची असते, आणि सुरुवात तक्त्यांपासून करण्यापेक्षा प्रश्नांपासून करावी. ही बॅच कोणाला विकली? पुढच्या तीन महिन्यांत कोणती औषधे मुदतबाह्य होतील? कोणत्या स्टॉकिस्टला काय परत करायचे? दुकानदाराला पडणारे असे आठ-दहा प्रश्न लिहून काढले की त्यांतली नामे आपोआप पुढे येतात : औषध, बॅच, पुरवठादार, गिऱ्हाईक, डॉक्टर, बिल. यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र तक्ता मिळतो.

सगळ्यात जास्त चुकतो तो बॅचचा तक्ता, कारण तो वेगळा करावा असे सुचतच नाही. औषधाचे नाव आणि कंपनी सगळ्या बॅचना सारखी असते. उत्पादनाची तारीख, मुदत आणि एमआरपी मात्र बॅचगणिक बदलू शकते. म्हणून ही माहिती औषधाच्या ओळीत न ठेवता बॅचच्या ओळीत ठेवावी लागते. दोन कंपन्यांचा बॅच नंबर योगायोगाने एकच असू शकतो, म्हणून बॅच ओळखायची ती औषध आणि नंबर या जोडीने. मुदत लिहितानाही जपावे लागते. वेष्टनावर फक्त महिना आणि वर्ष असते, आणि औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. ती मुदत मजकूर म्हणून न लिहिता महिनाअखेरची तारीख म्हणून नोंदवली, तरच संगणकाला ती आजच्या तारखेशी ताडून पाहता येते.

एका बिलात अनेक औषधे असतात आणि एक औषध अनेक बिलांत. हा दुहेरी गुंता ‘बिलातील ओळ’ या तक्त्याने सुटतो : कोणते बिल, कोणती बॅच, किती नग, काय भाव. इथे भाव पुन्हा का लिहायचा, असे कोणी विचारेल. तो लिहावाच लागतो, कारण पुढे सवलत किंवा दर बदलला तरी जुन्या बिलावरचा आकडा बदलता कामा नये. त्या दिवशी घेतलेला भाव ही वेगळी वस्तुस्थिती आहे.

नगांचेही तसेच. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून द्यायची पद्धत आपल्याकडे आहे. साठा स्ट्रिपमध्ये मोजला तर ०.४ आणि ०.६ चे हिशेब सुरू होतात. म्हणून मोजमाप गोळीत ठेवावे. शिल्लक साठ्याचा आकडा हाताने लिहून ठेवण्यापेक्षा, आलेले, विकलेले, परत केलेले आणि फुटलेले नग नोंदवावेत आणि शिल्लक त्यांतून काढावी. मग फळीवर दोन बाटल्या कमी भरल्या तर नोंदी मागे मागे तपासत जाता येते.

या रचनेचा आरोग्याशी असलेला सर्वात थेट संबंध ‘घटक’ या तक्त्यात दिसतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला अमॉक्सिसिलिनही धोक्याचे असते, कारण ते त्याच गटातले आहे. पण बाजारात ते अनेक ब्रँडनावांनी येते, कधी क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसोबत, आणि ब्रँडच्या नावात पेनिसिलिनचा मागमूसही नसतो. औषधाचे घटक आणि त्यांचे गट वेगळ्या तक्त्यांत असतील, आणि गिऱ्हाइकाने सांगितलेली ॲलर्जी नोंदवलेली असेल, तर बिल होण्याआधी पडद्यावर इशारा येऊ शकतो. फार्मासिस्टच्या नजरेची जागा तो घेणार नाही, पण गर्दीच्या वेळी आठवण तरी देईल.

कायद्याचीही गरज यातून भागते. शेड्यूल एच-१ मधील औषधे विकताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपण्याचा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. त्या औषधांच्या ओळीवर एक खूण असली, की नोंदवहीशी ताडून पाहायला यादी लगेच मिळते. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोडही सक्तीचा झाला आहे. बॅच नंबर आणि मुदत त्यात असतेच, त्यामुळे ही माहिती हाताने लिहिताना होणाऱ्या चुका टाळता येतात.

यासाठी महागडे सॉफ्टवेअरच हवे असे नाही. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस फुकट मिळतात. बिल लिहिले गेले आणि साठा वजा होण्याआधी वीज गेली, तर अशा डेटाबेसमध्ये दोन्ही नोंदी एकत्र बांधता येतात : होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. रोजची एक प्रत दुकानाबाहेर ठेवणे, आणि ती उघडते का हे अधूनमधून पाहणे, हे काम मात्र माणसाचेच. आजाराची माहिती खासगी असते, म्हणून लागते तेवढीच घ्यावी आणि ती कोणी पाहावी हेही ठरवावे.

आता सकाळचा तोच फोन पुन्हा आला असे समजू. औषध आणि बॅच नंबर टाकला की आलेल्या चाळीस बाटल्यांपैकी नऊ फळीवर आहेत आणि एकतीस विकल्या गेल्या, हे लगेच दिसते. त्यांतल्या चोवीस बिलांवर फोन नंबर आहेत. मुलगा काउंटर सांभाळतो आणि दुकानदार पहिला नंबर लावतो. उरलेल्या सात बाटल्या नाव न लिहिता रोखीने गेल्या आहेत, आणि जी नोंद कधी केलीच नाही ती कोणताही डेटाबेस देऊ शकत नाही. त्या सात घरांसाठी दुकानदार गावातल्या डॉक्टरांना कळवतो आणि दारावर पाटी लावतो. त्या दिवसापासून मुलांच्या औषधाचे बिल करताना तो फोन नंबर विचारू लागतो.