पुणे–नागपूर : अंतर एक, वेळा दोन

नारायण पेठेतील केसरीवाड्यापासून लोहगावचा विमानतळ सरळ रेषेत जेमतेम दहा किलोमीटर. भर गर्दीत रिक्षाने तेथे पोहोचायला पाऊण तास सहज मोडतो. जेट विमान तेवढ्याच वेळात सहाशे किलोमीटर कापते. आणि पुणे–नागपूर हवाई अंतर जवळपास एवढेच आहे!

हे अंतर नकाशाच्या पुस्तकावरून आपले आपल्याला काढता येते. लोहगाव १८° ३५' उत्तर अक्षांश व ७३° ५५' पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१° ५' उत्तर व ७९° ३' पूर्व यांवर. अक्षांशांतील फरक अडीच अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी., म्हणून नागपूर पुण्याच्या उत्तरेकडे २७८ कि.मी. सरकलेले आहे. रेखांशांतील फरक ५° ८'. पण येथे १११ ने गुणून चालणार नाही. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. वीस अंश अक्षांशावर एका अंशाचे अंतर १११ × कोज्या २०°, म्हणजे सुमारे १०४ कि.मी. भरते. त्यामुळे पूर्वेकडचे अंतर ५३५ कि.मी. आता पायथागोरसचा सिद्धांत लावा. कर्ण सुमारे ६०३ कि.मी. येतो. (पृथ्वी गोल असताना हे कसे चालते, असे कोणी विचारील. मुंबई–लंडनला नाहीच चालणार. एवढ्या अंतराला चूक अगदी थोडी पडते.) मोटाररस्ता मात्र सातशेच्या वर जातो.

मग वेळापत्रकात तासाहून बराच अधिक वेळ का असतो? कारण तो मोजतात विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. शिवाय विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व–पश्चिम आहे. पश्चिमेचा वारा असला, की नागपूरला जाणारे विमान आधी पश्चिमेला झेपावते आणि मग वळते. चढताना व उतरताना वेगही कमीच असतो.

खरी गंमत वरच्या वाऱ्यात आहे. हिवाळ्यात दहा किलोमीटर उंचीवर आपल्याकडे पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. सोयीसाठी अंतर ६०० कि.मी., विमानाचा हवेतील वेग ताशी ७०० आणि पाठीशी वारा ताशी १०० कि.मी. धरू. जाताना जमिनीवरचा वेग ८००, वेळ ४५ मिनिटे. येताना वेग ६००, वेळ ६० मिनिटे. एकूण १०५. वारा नसता तर? दोन्ही मिळून सुमारे १०३ मिनिटे! जाताना वाऱ्याने दिले ते येताना त्याने सव्याज वसूल केले. कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असते. म्हणून वारा कोणत्याही एका बाजूचा असो, जाऊन-येऊन तोटाच.

पावसाळ्यात चित्र पालटते. खाली नैर्ऋत्येचा पावसाळी वारा, तर फार उंचावर नेमका पूर्वेचा. या पूर्वेच्या वेगवान झोताचे वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात केले. अशा दिवसांत नागपूरहून परतणाऱ्यालाच वाऱ्याची साथ मिळते.

हे वारे मोजण्यासाठी वेधशाळा फुगे सोडतात. तसे ते पुण्यातूनही सोडले जातात. फुगा किती वेगाने व कोणत्या दिशेला वाहत गेला, यावरून त्या त्या उंचीवरचा वारा कळतो. वैमानिक निघण्यापूर्वी इंधनाचा हिशेब करतात, तो वाऱ्याचे हेच आकडे धरून.