अर्धवेळ काम, पण हजेरीपटावर नाव हवेच

मुळशीच्या शेतकऱ्याला पाऊस म्हणजे भातलावणी, तर पुण्या-मुंबईच्या माणसाला पाऊस म्हणजे ताम्हिणी घाट आणि धरणाकाठचे हॉटेल. दोन्ही हंगाम एकदमच येतात. जुलैत इकडे आवण लावायला माणूस मिळत नाही आणि नेमका शनिवार-रविवारी हॉटेलातून निरोप येतो, "खोल्या आवरायला बाया पाठवा."

काम तसे चार-पाच तासांचे. जुने पाहुणे सकाळी दहा-अकराला खोली सोडतात, नवे दुपारी येतात. तेवढ्यात चादरी-अभ्रे बदलायचे, न्हाणीघर घासायचे, वरून खाली धूळ झटकायची आणि सर्वांत शेवटी फरशी पुसत दाराकडे यायचे. हे घरच्या कामासारखेच वाटेल, पण ॲसिड आणि ब्लिचिंग कधी एकत्र करू नका. त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. पाहुण्याची विसरलेली वस्तू सापडली तर लगेच ऑफिसात द्या आणि वहीत नोंद करवून घ्या, म्हणजे उगाच आळ येणार नाही.

कामाला जाण्याआधी दिवस, तास, रोज आणि परतीच्या गाडीची सोय लिहून घ्या. लावणीचे दिवस आधीच सांगून ठेवा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या हॉटेलाला राज्य विमा योजना लागू होते आणि अर्धवेळ कामगारांना त्यातून वगळता येत नाही. महिना 6,000 रुपये मिळत असतील तर 2019 पासूनच्या दराने तुमचे 45 आणि मालकाचे 195 रुपये भरले जातात. त्यावर दवाखाना, आजारपणाचा व बाळंतपणाचा लाभ मिळतो. पण हजेरीपटावर नावच नसेल तर हे सारे मागायचे कोणत्या तोंडाने?

कामावर कोणी छेड काढली तर गप्प बसू नका. 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी तक्रार समिती सक्तीची आहे. त्याहून लहान हॉटेल असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीकरांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी जमिनी पाण्याखाली गेल्याच. आज त्याच पाण्याकाठी हॉटेले उभी आहेत. तिथली मजुरी तरी पूर्ण पदरात पडावी. सरपंच आणि सदस्यांनो, पुढच्या ग्रामसभेत एवढे जरूर विचारा: गावातल्या किती बाया हॉटेलात जातात आणि त्यातल्या कितींची नावे हजेरीपटावर आहेत?